पोटदुखीवर सीफूड नूडल्स

पोट दुखतंय असं सांगून ऑफिसातून लवकर निघायचं, एवढंच मी ठरवलं होतं. डोकं दुखतंय म्हणालो असतो, तर साहेबांनी खणातून गोळी काढून दिली असती. (त्यांच्या खणात डोकेदुखीच्या गोळ्या कायम असतात. कारण बहुधा आम्हीच.) पोटाच्या बाबतीत मात्र माणसं फार खोलात शिरत नाहीत.

कारण होता लंबू. लंबू म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. लांब कुठेतरी पाण्याचे पंप विकतो आणि चार-पाच वर्षांतून एकदा न कळवता उगवतो. या खेपेला स्टेशनवरूनच त्याचा फोन आला. संध्याकाळच्या गाडीने परत जायचंय, तेवढ्यात त्या तुझ्या ऑफिसमागच्या गल्लीतल्या हॉटेलातल्या सीफूड नूडल्स खायला घाल, त्यांचं कौतुक ऐकून माझे कान किटलेत, असं त्याचं म्हणणं.

खरं तर तो आठवडा असले उद्योग करण्याचा नव्हता. आमचे हेडक्लार्क रिटायर होत होते आणि त्यांच्या खुर्चीवर कोणाला बसवायचं, ते साहेब शनिवारी ठरवणार होते. ऑफिस साहेबांच्याच मालकीचं, त्यामुळे त्यांच्या मनात येईल तो हेडक्लार्क. मी त्या खुर्चीवर इतकी वर्षं डोळा ठेवून होतो, की ती कुठे टेकलं की करकरते हेही मला पाठ होतं. बायकोला फोन करून बेत सांगितला, तर ती म्हणाली, "अहो, थाप मारा, पण पेलवेल एवढीच मारा." मी म्हटलं, तू नुसती बघ. (आमच्या घरातल्या बऱ्याच संकटांची सुरुवात याच वाक्याने झालेली आहे.)

हॉटेल म्हणजे सहा टेबलं आणि एक पंखा. हॉटेलवाल्या काकू स्वतःच रांधतात आणि स्वतःच गल्ल्यावर बसतात. त्या दिवशी वेटरने न सांगता दांडी मारली होती, त्यामुळे वाढायलाही त्याच. वाडगे आले. कोळंबी, शिंपले, वर खेकड्याची एक नांगी. पहिल्या घासाला लंबू बोलायचा थांबला. पंप विकणारा माणूस बोलायचा थांबला, की समजावं, काम फत्ते. मलाही फार बरं वाटलं. शाळेत माझ्या डब्यातलं पळवून खाणारा प्राणी समोर बसून तितक्याच आवडीने भुरके मारत होता.

घोळ घातला तो नांगीने. ती फुटेना. लंबू म्हणाला, पंपाच्या नटासारखी उलटी पिळ. मी पिळली. नांगी हातातून सुटली ती थेट वाडग्यात, आणि वाडग्यातलं सगळं माझ्या शर्टावर, चष्म्यावर आणि केसांत. काकू धावत आल्या. त्यांनी मला आत नेऊन शर्ट साबणात भिजवला, त्याच पाण्यात चष्मा टाकला, आणि गैरहजर वेटरचा पांढरा कोट मला घालायला दिला. केस झाकायला त्याची टोपीही दिली. ती माझ्या भुवयांपर्यंत आली.

तसाच बाहेर पडतो तोच कानावर ओळखीचं खाकरणं आलं. दोनदा खाकरायचं, मग एक लांब "हं". चष्म्याशिवाय मला सगळी माणसं उकडलेल्या बटाट्यासारखी दिसतात, पण त्या बटाट्याला मी कुठेही ओळखलं असतं. लंबूच्या शेजारच्या टेबलावर साहेब आणि बाईसाहेब बसले होते. (साहेबांना लवकर निघायला पोटदुखी लागत नाही.)

आता माझं पोट खरोखर दुखायला लागलं. मागे फिरावं तर दारात काकू कढत वाडगे घेऊन उभ्या. तेवढ्यात साहेबांनी मेनूकार्डातून मान वर न करता बोट उचललं आणि म्हणाले, "वेटर."

मी मागे वळून पाहिलं. मागे काकूंशिवाय कोणी नव्हतं. मग गेलो.

साहेब आपल्याला ओळखतील ही भीती तशी फुकटचीच होती. ऑफिसात तरी त्यांनी माझ्याकडे कधी नीट पाहिलंय? त्यांच्या लेखी मी म्हणजे फाइल धरलेला एक हात. आवाज ओळखू नये म्हणून मी फक्त मान डोलावत राहिलो, आणि सवयीने हात चालू लागले. साहेबांना फाइल डावीकडून लागते, म्हणून वाडगा डावीकडून ठेवला. कागदांतल्या टाचण्या काढून द्याव्या लागतात, म्हणून नूडल्समधले शिंपले सोलून दिले. वारा चालत नाही, म्हणून पंखा बंद केला. दोनदा खाकरले की पाणी, तेही कोमट. लंबूला तर ऊत आला होता. "वेटर, जरा इकडे पुसा," असं त्याने मला तीनदा तरी बोलावलं, आणि मी तीनदा पुसलं.

निघताना साहेबांनी काकूंकडे माझी चौकशी केली. काकू म्हणाल्या, नवीन आहे, बोलत नाही, पण गुणी आहे. साहेब गेले. लंबू हसत हसत गाडीत बसला. मी ओल्या शर्टाने घरी आलो, पण जीव भांड्यात पडला होता.

शनिवारी साहेबांनी मला आत बोलावलं. आधी पोटाची चौकशी केली. मग दोनदा खाकरून म्हणाले, "हेडक्लार्कचं ठरवलंय मी." माझे पाय जमिनीला लागेनात.

"मागच्या गल्लीतलं ते हॉटेल माहीत आहे ना तुम्हाला? तिथे एक वेटर आहे. तोंडातून शब्द काढायच्या आधी त्याला कळतं काय हवंय. चेहऱ्याने थोडासा तुमच्यासारखाच आहे. पण फरक बघा केवढा."

"पण साहेब, तो वेटर. ऑफिसचं काम त्याला..."

"शिकेल. तुम्ही शिकलात, म्हणजे कोणीही शिकेल. आज जाऊन त्याला घेऊन या. नाही मिळाला, तर जागा रिकामी ठेवू."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. फक्त इथे कळशालाच वळसा घालायला पाठवलं होतं. तो मीच, असं म्हणावं, तर पोटदुखीचं बिंग फुटतं, आणि थापा मारणाऱ्याला साहेब शिपाई म्हणूनही ठेवत नाहीत. मी "बरं साहेब" म्हणून बाहेर आलो.

घरी येऊन बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मला खरंच रडू येत होतं. दोन शब्द धीराचे बोलेल, एवढीच अपेक्षा होती. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. मध्येच थांबली.

"पाणी न मागता दिलंत? कोमट?"

"हो."

"सोलूनबिलून? टेबलही पुसलंत? आणि तोंडातून एक शब्द नाही?"

"नाही काढला."

तिने हातातली घडी बाजूला ठेवली आणि थोडा विचार केला.

"साहेबांचं मागाहून बघू," ती म्हणाली. "आधी त्याला आपल्या घरी घेऊन या."