भैय्यालालजींची फोनकपात

"एका महिन्यात मिलचा फोनचा खर्च निम्म्यावर नाही आणला, तर नावाचा भैय्यालाल रहांगडाले नाही!"

ही घोषणा गोंदियातल्या राईस मिलवाल्यांच्या जेवणात झाली. भैय्यालालजींना कोणी काही विचारलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरचा एक मिलवाला, आपण सल्लागार नेमून फोन आणि इंटरनेटचं बिल कसं खाली आणलं ते ऐटीत सांगत होता, एवढंच. पण आपल्यापेक्षा कोणी स्वस्तात जगतंय हे भैय्यालालजींना कधीच सहन होत नाही. भाजीवालीकडून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट घेतल्याशिवाय घरी न परतणारा माणूस तो! सल्लागाराला पैसे द्यायचे? छे! कापाकापी आपणच करायची.

दुसऱ्या दिवशी मिलच्या ऑफिसात कापाकापी सुरू झाली. मुनीम हिमांशू, ड्रायव्हर, हमालांचा मुकादम, सगळ्यांचे मिलच्या खर्चातले सिम परत घेतले. मालकानं आधी त्याग करावा म्हणून भैय्यालालजींनी स्वतःचाही मोबाईल बंद केला. साऱ्या मिलसाठी एकच मोबाईल ठेवला आणि तो सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधला. ज्याला बोलायचं त्यानं रांगेत यावं.

"आणि नेट, सेठजी?" हिमांशूनं रडवेल्या आवाजात विचारलं. "गाडीची बिलं कशी काढू?"

"समोर मॅरेज लॉन आहे ना? त्याचं वाय-फाय आपल्या गेटाजवळच्या सीताफळापर्यंत येऊन राहिलं. तिथं बस!"

पासवर्ड हिमांशूकडे होताच. मावसभावाचं लग्न त्याच लॉनवर झालं होतं.

राहता राहिला लँडलाइन फोन. आता इथे जरा थांबावं लागेल, कारण खरी गोष्ट इथेच आहे.

भैय्यालालजींचा धाकटा भाऊ छोटेलाल सडक अर्जुनीला कृषी केंद्र चालवतो. आधी तोही मिलमध्येच होता. मग भैय्यालालजींनी मिलचा नवा बोर्ड रंगवून घेतला. वर स्वतःचं नाव लाल अक्षरांत आणि खाली बारीक 'व बंधू'. "माझं नाव 'व बंधू' आहे का?" असं म्हणून छोटेलाल त्याच संध्याकाळी निघून गेला. त्याला सात-आठ वर्षं झाली. दोघांत शब्द नाही.

शब्द नाही, पण रोज सकाळी दुकान उघडलं की छोटेलाल मिलच्या लँडलाइनला फोन करायचा. दोन-तीन रिंगा, की बंद. भैय्यालालजींचं घर मिलला लागूनच, पण इकडे कोणी उचलायचं नाही. तो वाजेपर्यंत भैय्यालालजी चहाचा कप हातात धरून बसायचे. थांबला की "उठला वाटते" असं पुटपुटायचे आणि मगच पहिला घोट घ्यायचे.

म्हणून सुमित्राबाईंनी नवऱ्याला विचारलं, "अवो, आणि भाऊजींची रिंग?"

"तो काही बोलून राहिला का? नुसती रिंग ऐकाले मी दर महिन्याले भाडं भरू? बोलायचं असंल तर येईल इथं!"

जोशात माणूस काय काय बोलून जातो! त्याच दिवशी अर्ज गेला आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्यालालजी कप हातात धरून बसले. बसलेच! चहा पार थंड झाला. "साखर कमी आहे," म्हणून त्यांनी कप खाली ठेवला. तिसऱ्या दिवशीही साखर कमी निघाली. फोन परत जोडून घ्यावा असं भैय्यालालजींना दहादा वाटलं. पण चारचौघांत घोषणा झाली होती ना! आता माघार घ्यायची तर मिलवाले हसून हसून मेले असते.

तिकडे मिलमध्ये वेगळाच गोंधळ! गजाचा मोबाईल कधी मोकळाच सापडेना. फोन लागत नाही म्हणून धानाचे दलाल स्वतः येऊ लागले, शेतकरी येऊ लागले, पोत्यांचा व्यापारी आला, ट्रकवाले आले. त्यातच चौथ्या दिवशी मशीनचा पट्टा तुटला. मिस्त्रीला बोलवायचं, तर एक हमाल सासूशी बोलत होता आणि सासू काही आटपेना. मशीन बंद पडली. आलेली सगळी माणसं वेळ घालवायला सीताफळाखाली जाऊन बसली. फुकटचं वाय-फाय कोणाला नको?

इकडे सडक अर्जुनीला छोटेलालचं धाबं दणाणलं होतं. रोज फोन लावावा, तर बाई सांगायची, हा क्रमांक सेवेत नाही. दादाच्या मोबाईलचंही तेच! शेवटी त्यानं मालाच्या पिकअपवरच्या कवडूला सांगितलं, "गोंदियाले जाऊनच राहिला तर मिलकडे एक नजर टाक. उतरू नको. फक्त पाहून ये."

कवडूनं मिलसमोर गाडी हळू केली आणि त्याच्या काळजाचा ठोकाच चुकला. मशीन बंद. गेटाआत तीस-चाळीस माणसं भुईवर बसलेली, सगळ्यांच्या माना खाली, कोणी कोणाशी बोलत नाही. समोर मालकाची खुर्ची, आणि खुर्ची रिकामी! भैय्यालालजी आत आंघोळीला गेले होते, पण कवडूला काय ठाऊक? त्यानं गाडीतूनच हात जोडले आणि पुढे जाऊन छोटेलालला फोन केला.

"भाऊ, मिल बंद आहे. गर्दी बसून राहिली. दादा काही दिसले नाहीत."

दुपारी एक टेम्पो आणि दोन जीपगाड्या मिलच्या गेटाशी थांबल्या. आधी बायकांचा हंबरडा आत आला, मग बायका आल्या. मागून छोटेलाल, अनवाणी, खांद्यावर पांढरं फडकं. सीताफळाखालची माणसं ताडकन उठली. कोण गेलं ते कोणालाच माहीत नव्हतं, पण एवढे लोक रडताना आपण मोबाईल बघणं बरं दिसत नाही. पोत्यांच्या व्यापाऱ्यानं टोपी काढली. दोन हमाल रडायलाही लागले!

भैय्यालालजी जेवत होते. वरणाचा हात तसाच घेऊन ते बाहेर धावले. धाकटा भाऊ रडताना दिसला आणि इतक्या वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला! छोटेलालचे डोळे मिटलेले. जो पहिला समोर आला त्याच्या गळ्यात तो पडला.

"माझा दादा गेला वो!"

"गेला रे छोट्या, गेला!" भैय्यालालजीही धाय मोकलून रडू लागले. मग त्यांना शंका आली. "पण कोणता दादा?"

छोटेलालनं डोळे उघडले. एक किंकाळी फोडली. मग दोन्ही हातांनी भावाचं तोंड चाचपलं, वरणासकट.

"तू जित्ता हायेस?"

"हाओ! मले काय झालं?"

"मंग फोन काऊन लागून नाही राहिला? चार दिवस झाले, माझ्या पोटात अन्न नाही!"

अहो, इथं गप्प राहायचं होतं! आणखी मिनिटभर रडले असते तरी सगळं जुळून आलं असतं. पण पन्नास माणसं बघत होती, दलाल बघत होते, आणि भैय्यालालजींची छाती आपोआप पुढे आली.

"फोन? तो मीच कापला! फुकटचं भाडं भरून राहिलो होतो. बिल निम्म्यावर आणलं, विचार हिमांशूले!"

छोटेलालचे हात खाली आले.

"माझी रिंग तुले महाग पडत होती का, दादा?"

छोटेलालनं सगळ्यांना परत गाड्यांत बसायला सांगितलं. सुमित्राबाई मागे धावल्या, "भाऊजी, चहा तरी घेऊन जा वो!"

"नको वहिनी. चहालेही खर्च येते."

गाड्या गेल्या. सीताफळाखालची माणसंही एकेक करून उठून गेली, वाय-फाय चालू असताना!

दुसऱ्याच दिवशी भैय्यालालजींनी सगळे सिम परत दिले, नेट जोडून घेतलं. स्वतःचा मोबाईल सुरू केला. भावाचा नंबर सुमित्राबाईंकडे होता.

"लावा ना फोन," त्या म्हणाल्या.

"फोनवर काय बोलू? रडू आलं तर? त्यापेक्षा जाऊन येतो."

जाऊन येतो म्हणाले खरे, पण पाय निघेना. आज अमावस्या, उद्या हमालांचा हिशेब, परवा उगाच अंग मोडून आलेलं. असं करत करत शेवटी एकदाचे सडक अर्जुनीच्या बसमध्ये बसले. वाटभर मनाशी घोकत होते, "छोट्या, माझं चुकलं." एवढंच बोलायचं. पण तेवढंच त्यांना आजवर कधी जमलं नव्हतं.

कृषी केंद्राचं शटर खाली होतं. मागच्या अंगणात छोटेलालची बायको रेणू बोकडाला पाला घालत होती. जेठ, म्हणजे थोरले दीर, दिसताच तिनं डोक्यावर पदर घेतला आणि दाराआड गेली. त्यांच्या समाजात जुन्या वळणाच्या घरी धाकटी सून जेठाशी थेट बोलत नाही. पण सांगायचं तर होतंच. अंगणात तिसरं कोणी नव्हतं, म्हणून ती बोकडाशी बोलली.

"बोकडा, सांग त्यांनले, हे सकाळच्या गाडीनं रायपूरले गेले, पोराकडे, पीयूषकडे. तिथंच राहीन म्हणाले. दुकान विकाले काढलं."

भैय्यालालजी ओट्यावर बसले.

"यायच्याआधी एक फोन तरी करायचा राहते, सांग त्यांनले."

भैय्यालालजींनी बोकडाकडे पाहिलं. बसमध्ये घोकलेलं वाक्य घशाशी आलं होतं आणि ते आता परत जाईना.

"सांग रे बोकडा तिले," ते म्हणाले. "माझं चुकलं."

बोकड पाला खात राहिला. मग दाराआडून आवाज आला, या वेळी बोकडाला न सांगता.

"हे तुमच्या भावाले सांगायचं होतं जी. आठ दिवस ते याच्यासाठीच तर थांबले होते."