सात नंबरच्या कॉटला विचारलेलं नाव

बिराजदार सिस्टर मेलेल्या माणसालाही नाव विचारायच्या. चादर तोंडावर ओढायच्या आधी वाकून, हळू आवाजात, "नाव काय तुमचं?" मग घोटभर पाणी प्यायला लागेल एवढा वेळ थांबायच्या, केसपेपरवरचं नाव बघायच्या आणि मगच चादर ओढायच्या. नातेवाईक रडायचे थांबून बघत राहायचे.

निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेल्या एका गावात आमचा सरकारी दवाखाना. तिथल्या औषधाच्या खिडकीत मी बावीस वर्षं बसून आहे. माणूस मी तसा कडूच. भुताखेतांचं कुणी बोललं की त्याला जंताची गोळी काढून देतो.

जिवंतांना तर सिस्टर सोडायच्याच नाहीत. एकदा तालुक्यातले एक पुढारी बीपी वाढून आले. बाहेर चार जीपा, फाटकावर त्यांचाच वाढदिवसाचा फ्लेक्स. सिस्टरनी सुई हातात धरून नाव विचारलं. कार्यकर्ते चवताळले. पुढाऱ्यांनी न बोलता खिडकीतून फ्लेक्सकडं बोट दाखवलं. "सुई फ्लेक्सला द्यायची का?" सिस्टर म्हणाल्या. शेवटी त्यांनी बापाच्या नावासकट सगळं सांगितलं, तेव्हा कुठं दंडाला स्पिरिट लागलं. डॉक्टरसाहेबांच्या पायात खिळा गेला तेव्हा त्यांचीही सुटका झाली नाही. सख्ख्या जावयाला भर मांडवात पेढा भरवताना नाव विचारलं. तो बिचारा अजून त्या धसक्यात आहे.

म्हाताऱ्या बायकांची पंचाईत व्हायची. नाव विचारलं की त्या "सोपानची माय" असं काहीतरी सांगायच्या. "माय कुणाची बी ऱ्हावा, तुमचं नाव सांगा," असं सिस्टर म्हणायच्या. मग बाई पदर तोंडाला लावून हसायची, जरा आठवायची आणि स्वतःचं नाव सांगायची. पुढं दिवसभर खुशीत असायची. हे मात्र मला आवडायचं, कबूल करतो.

पण सात नंबरच्या कॉटचं काय करायचं? ही बायकांच्या वॉर्डातली, खिडकीजवळची. ती रिकामी असली की दुपारी तीनच्या ठोक्याला सिस्टर तिच्याजवळ जायच्या. वाकून विचारायच्या, "नाव काय तुमचं?" कान उशीकडं करून थांबायच्या. मग "बरं" म्हणून निघून जायच्या. नर्सिंगच्या नव्या पोरी तीन वाजत आले की चहाला पळायच्या. एकीनं तर दंडात ताईत बांधला. मी तिला जंताची गोळी दिली.

मग मलाच डेंग्यू झाला. पुरुषांकडं जागा नव्हती, म्हणून मला इकडं सहा नंबरवर टाकून मधे पडदा लावला. शेजारची सात रिकामी. सलाईन लावायला सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, नाव काय तुमचं. इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातोय, असं मी कण्हत सुनावलं. त्या सुई धरून उभ्याच. "दत्ता व्यंकट सूर्यवंशी," मी चिडून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला. मी तापात डोळे मिटून पडलो होतो. सिस्टरच्या चपलांचा आवाज पडद्यापलीकडं थांबला. "नाव काय तुमचं?" वॉर्डात माशी उडाली तरी कळेल अशी शांतता होती. आणि उशीच्या उंचीवरून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, थकलेला, अदबीचा.

"हाव."

नाव विचारल्यावर 'हो' कोण म्हणतं? मी पडदा सरकवला. कॉट रिकामी. चादरीला एक सुरकुती नाही. सिस्टर "बरं" म्हणून गेल्या. ताप चढल्यावर काहीही ऐकू येतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. गोळीची भीती, दुसरं काय.

यंदा सिस्टर रिटायर झाल्या. शाल, नारळ, भाषणं उरकली आणि तीन वाजता त्या वॉर्डात गेल्या. मी मागोमाग. त्यांनी विचारलं, थांबल्या, "बरं" म्हणाल्या. मग कधी नव्हे ते त्या कॉटवर बसल्या. मी पहिल्यांदाच विचारलं, हे काय आहे म्हणून.

सिस्टरच्या नोकरीचं पहिलं वर्ष होतं. सातवर गंगाबाई, सहावर सुभद्राबाई. दुपारी तीनची सुई गंगाबाईला द्यायची होती. पण सुभद्राबाईला उकडत होतं, म्हणून दोघींनी आपसातच कॉट बदलून घेतल्या. सिस्टर घाईनं सातवर आल्या आणि म्हणाल्या, "गंगाबाई ना तुम्ही?" म्हातारी म्हणाली, "हाव." आपल्याकडची माणसं दवाखान्यात कशालाही हावच म्हणतात. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ती सुई सुभद्राबाईला सोसली नाही. तास-दीड तासात गेली.

सिस्टरनी स्वतः डॉक्टरांना सांगितलं, तिच्या पोरांनाही सांगितलं. चौकशी झाली, बदली झाली. पुढं त्यांनी हाच दवाखाना परत मागून घेतला. "थोरला पोरगा माझ्या पाया पडला, भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हणला, तुम्ही लई केलं मायचं. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं."

तिचं नाव तर तुम्हाला ठाऊकच आहे, मग विचारता कशाला, मी म्हटलं.

"मला ठाऊक हाय. तिनं सांगाया पाहिजे. एकदा म्हणावं तिनं, मी गंगाबाई न्हाई, मी सुभद्रा." त्यांनी उशी सरळ केली. "तेहतीस वर्षं विचारून राहिले. अजून बी हावच म्हणती."

मी तर कुणाला बोललो नव्हतो. "सिस्टर," मी म्हटलं, "मी पण ऐकलंय."

आपल्याला वेड लागलंय, असंच इतकी वर्षं धरून चालल्या होत्या बिचाऱ्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या, आणि मी कडू माणूस शेजारी नारळ धरून बसलो.

आता सिस्टर लातूरला लेकीकडं असतात. सात रिकामी असली की तीन वाजता मी खिडकी बंद करतो आणि तिथं जातो. "सुभद्राबाई ना?" असं विचारत नाही. नाव काय तुमचं, एवढंच विचारतो आणि थांबतो. सव्वातीनला सिस्टरचा फोन येतो, काय म्हणाली म्हणून. सांगितलं तिनं नाव, असं एकदा खोटंच सांगून टाकावं, म्हातारपणी तेवढीच त्यांना झोप लागेल, असं लई वाटतं. पण सिस्टरपुढं खोटं माझ्या तोंडातून निघत नाही.

"हाव म्हणाली," मी सांगतो.

"बरं," सिस्टर म्हणतात. "उद्या परत विचारा."