नुमाच्या अंगठ्यांमागचा पुरुष

स्वतःची ओळख करून देण्याआधी चूडामणी ढुंगाना खाकरत. मग म्हणत, "मी म्हणजे बुटवलच्या बुद्धीचा शेवटचा थांबा. पोलीस जिथे हात टेकतात, तिथे मी नुसती भुवई उचलतो." आणि खरोखर उचलत. डावी. उजवीचा सराव अजून चालू होता.

नेपाळातल्या या बुटवल शहरात, ट्राफिक चौकात त्यांचं मोबाइलच्या काचेवर प्लास्टिक चिकटवून द्यायचं दुकान होतं. प्रत्येक प्लास्टिकखाली एक तरी बुडबुडा राहायचाच. पण दुकान हे निव्वळ वेशांतर, असं त्यांचं म्हणणं. वेशांतर मोठं बेमालूम म्हणायला हवं, कारण आजवर एकाही गिऱ्हाइकाला त्यांच्यातला गुप्तहेर दिसला नव्हता.

तीजचा सण झाला आणि दुसऱ्याच दिवशी हेमराज पौडेल दुकानात शिरले. जगासाठी हे प्लायवुडचे व्यापारी. पण मोबाइलवरच्या लढाईत हेच आमच्या बुटवलचे 'कमांडर दाइ', म्हणजे कमांडरदादा, आणि आमच्या तिनाऊ नदीच्या नावाने खेळणाऱ्या 'तिनाऊचे वाघ' या चौघांच्या चमूचे कप्तान. आकाशातून उडी मारायची, बंदुका गोळा करायच्या, दिसेल त्याला मारायचं आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं, असा तो खेळ. गावातली निम्मी पोरं त्यांना वाकून नमस्कार करायची. अंतिम सामना काठमांडूला होता आणि ऋषिपंचमीच्या संध्याकाळपर्यंत खेळाडूंची नावं कळवायची होती.

"चूडामणी भाइ, आमच्या चमूतली नुमा योङ्हाङ आहे ना, तिच्या आयडीवरून दुसराच कुणीतरी खेळतोय," हेमराज म्हणाले. "पुरुष. तो शोधून दे. नाहीतर तिचं नाव मी कापणार."

आता या नुमाची गोष्ट सांगायला हवी. तिने पहिल्यांदा खेळात स्वतःचं नाव आणि फोटो लावला, तेव्हा तिच्यावर गोळ्या कमी आणि लग्नाच्या मागण्या जास्त आल्या. डोक्यावरून बॉम्ब जात असताना पोरं विचारायची, "जेवलीस का?" तिने वैतागून फोटो काढून टाकला, माइक बंद केला आणि नाव घेतलं 'हुरी', म्हणजे वादळ. आठवड्याभरात ती सगळ्यांची 'हुरी दाइ' झाली. "दाइ, कुठे उतरू?" "दाइ, तुम्ही म्हणाल तसं!" असा दोन वर्षं हा दाइपणा तिने मुकाट्याने भोगला. त्याच जोरावर वाघांच्या चमूत आली. मग एक दिवस, चुकून नव्हे, चांगलं ठरवून तिने माइक चालू केला आणि म्हणाली, "डावीकडून या, मी मागे आहे." बाईचा आवाज! अशी शांतता पसरली की तेवढ्यात समोरच्यांनी चौघांनाही मारून टाकलं. नेम तोच होता, अंगठे तेच होते. त्या दिवसापासून फक्त ते अंगठे कुणाचे, ही शंका सुरू झाली.

"पुरावा?" चूडामणींनी विचारलं.

"तीजच्या दिवशी पोखऱ्याच्या चमूशी सराव होता. हिने एकटीने समोरचे अर्धे लोक झोपवले. तीजच्या दिवशी! बाईमाणूस तीजला काय करतं?"

"निर्जळी उपास. लाल साडी. देवळापुढे नाच."

"मग फोनवर कोण होतं?"

"पुरुष!" दोघेही एकदम ओरडले आणि आनंदाने त्यांनी हात मिळवले.

चूडामणी थेट नुमाच्या बिऱ्हाडी गेले. गुपचूप जाणार होते, पण जिन्याच्या तिसऱ्याच पायरीवर घसरले, तेव्हा तिनेच दार उघडलं. "या. गावभर झालंय. माझा पुरुष शोधायला आलात ना? चप्पल बाहेर काढा."

आत जाताच त्यांची भुवई चढली. टेबलावर चहाचे दोन पेले! "एकटीच खेळतेस म्हणतेस, मग दुसरा पेला कुणाचा?"

"तुमचा, दाइ. प्या, निवतोय."

तेवढ्यात आतून तिचे वडील आले. जुने लाहुरे, पलटणीतून निवृत्त झालेले. चूडामणींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जन्मभर बंदूक चालवलेला माणूस! त्यांनी धूर्तपणे फोन म्हाताऱ्याच्या हातात दिला. "बाबा, जरा एखादी गोळी झाडून दाखवा." बाबांनी फोन उलटा धरला, कानाला लावला आणि ओरडले, "हॅलो? कोण बोलतंय?" हा तर्क बारगळला.

मग भाऊ. भाऊ कतारला! म्हणजे वाळवंटातून नेम धरत असणार. नुमाने भावाला तिथल्या तिथे फोन लावला. तो कामावर होता आणि त्याने दोघांनाही शिव्या दिल्या. मग तिचा नवरा व्हायला निघालेला कुणीतरी. तोही सापडला नाही, कारण तो अजून कुणाला सुचलाच नव्हता.

शेवटी नुमा त्यांच्यासमोर खाटेवर बसली आणि खेळायला लागली. एक, दोन, तीन माणसं पटापट आडवी. चूडामणी त्या वेळी खाटेखाली वाकून बघत होते.

"दाइ, मी इथे वर आहे. बघा ना!"

"बघायचं काय? अंगठे तुझे आहेत, हे मलाही दिसतंय. पण त्यांच्यामागे कोण आहे?"

नुमाने फोन खाली ठेवला. "मला काठमांडूला जायचंय, दाइ. माझ्या नावाने, माझ्या आवाजात. दोन वर्षं तोंड दाबून खेळले, आता नाही खेळणार. तुमच्या एका शब्दावर ते सगळं जाईल हो. काय केलं म्हणजे पटेल तुम्हाला?"

"तो माणूस हजर कर."

"आणि माणूसच नसला तर?"

"मग खेळतंय कोण?" चूडामणी म्हणाले. या प्रश्नाने आपण तिला निरुत्तर केलं, असं त्यांना वाटलं. तिने कपाळाला हात लावला होता, हे खरं.

पंचमीच्या दुपारी हेमराजच्या दुकानामागच्या खोलीत सगळे जमले. हेमराज, उरलेले दोन वाघ, नुमा आणि चूडामणी. शिवाय तीजसाठी माहेरी आलेली चूडामणींची थोरली बहीण, कोपिला दिदी. हेमराजची बायको तुलसा भाउजू, म्हणजे सगळ्यांची वहिनी, ही तिची लहानपणची मैत्रीण, म्हणून दिदीही आली. भाउजू आत चहा करत होत्या.

चूडामणी खाकरले. "सज्जनहो! पुरुष सापडला नाही, यावरूनच तो किती पोचलेला आहे ते कळतं. पण तो आहे! तीजच्या दिवशी कुठलीही नेपाळी बाई—"

"चुडे, ही योङ्हाङ ना?" कोपिला दिदीने मध्येच विचारलं. "अरे, लिम्बू जमातीची पोर ती! तुमच्याकडे तीज करतात का गं?"

"नाही दिदी. आमच्या घरात कुणी कधीच केली नाही. त्या दिवशी मी डुकराचं मटण खाऊन खेळत होते."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. चूडामणी लाल झाले. "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"संशयिताला विचारायचं नसतं! आमच्या धंद्यात ते बसत नाही."

"बरं, ते राहू दे," दिदी म्हणाली. "मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण तीजला बाई खेळत नाही म्हणता, तर ज्याची बाई तीजमुळे घरी नव्हती, त्याचा खेळ बिघडायला हवा ना? त्या दिवशी कुणाचा बिघडला?"

दोन्ही वाघ छताकडे बघायला लागले. मग एकजण हळूच बोलला, "कमांडर दाइंचा. प्रत्येक डावात सगळ्यात आधी तेच मेले."

"ताप होता मला!" हेमराज गरजले.

"आणि तुलसा माहेरी होती," दिदी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत माझ्याबरोबर नाचत होती."

नुमा उठून उभी राहिली. "माझी परीक्षा झाली. आता सगळ्यांचीच होऊ दे. काढा फोन, दाइ. इथेच, सगळ्यांसमोर."

हेमराजना करंगळी दुखते हे आठवलं, मग नेट नाही हे आठवलं, मग दुकानात गिऱ्हाईक आलंय असंही वाटलं. पण वाघ सरकून दाराशी बसले होते. शेवटी त्यांनी फोन काढला आणि उडी मारली. उतरले ते एका घराच्या कौलावर, आणि तिथून खाली कसं यायचं ते त्यांना कळेना.

भाउजू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. क्षणभर बघत राहिल्या. "अहो, खिडकीतून! खिडकीतून या! डावीकडे बघा ना, झुडपात आहे तो! अहो, आडवे पडा! अरे देवा, आणा तो इकडे!"

ट्रे दिदीच्या हातात गेला आणि फोन भाउजूंच्या. झुडपातला गेला. भिंतीआडचा गेला. पुलावरून गाडीत पळणारा गाडीसकट गेला. भाउजूंनी फोन नवऱ्याच्या मांडीवर टाकला आणि पदराने हात पुसले.

पहिली बोलली ती नुमा. "भाउजू, म्हणजे सगळे सामने तुम्हीच?"

"तोंड यांचं, अंगठे माझे. हे शेजारी बसून माइकवर गरजायचे. तीजला मी म्हटलं, फोन द्या, माहेरून खेळते. तर म्हणाले, बायकोजवळ फोन दिला तर लोक काय म्हणतील?"

हेमराज रडवेले झाले. "तुलसा, अगं गावातली पोरं मला कमांडर म्हणतात. आता तोंड कसं दाखवू?"

"तुम्हाला कधी म्हणत होती?" भाउजू म्हणाल्या. "इतकी वर्षं ती मलाच कमांडर म्हणत होती. ओ तेवढी तुम्ही देत होता."

दोन्ही वाघांनी खाली मान घालून चहा घेतला. नुमाने फोनवर काठमांडूला पाठवायची नावं उघडली, पहिल्या जागी स्वतःचं घातलं आणि विचारलं, "कप्तान म्हणून काय लिहू?"

"तुलसा पौडेल," भाउजू म्हणाल्या. "पूर्ण लिही. आणि माझ्या नावाचा नवा आयडी उघडून दे."

चूडामणींची डावी भुवई हळूहळू वर चढली. ते बहिणीला कोपऱ्यात घेऊन गेले आणि कुजबुजले, "दिदी, सगळं जुळलं गं. एकच धागा सुटतोय. भाउजूंच्या मागे कोण आहे?"

दिदीने वळून नीट बघितलं. "भिंत," ती म्हणाली. "चल आता घरी."