बॅटरी काही जाईना

"सांगतो, पण तुमच्यातला एक जन मानन तं शपथ," मुखरूभाऊंनी विडी पेटवली आणि घरापुढच्या सपरीत, ओसरीवर बसलेली मंडळी सरसावून पुढे आली. भाऊंची जी गोष्ट कोणी मानत नसे, तीच ऐकायला सगळ्यात गोड.

गोष्ट गावात पहिला रेडिओ आला त्या सालची, पन्नास-पंचावन्नच्या आसपासची. रेडिओ भाऊंचाच. भजन लागलं की आजूबाजूच्या गावांतून लोक कंदील घेऊन येत, अंगण भरून जाई. रेडिओच्या पोटात विटेएवढी बॅटरी. ती मेली, नवी आली; पण जुनी फेकवत नव्हती, म्हणून भाऊंनी कोनाड्यात ठेवली. पावसाळ्यात तिला पाझर फुटला. म्हशीच्या वगारीने तो चाटला आणि तिच्या तोंडाला फेस आला.

वगार वाचली, पण भाऊंची बायको रंभा कडाडली. "आज वगारीनं चाटलं, उद्या लेकरू चाटन! घरात ते राहीन नाईतं मी राहीन. पोळा झाला का चालली मी माहेरी!"

फेकायची कुठे? विहिरीत टाकावी तर पाणी नासेल, चुलीत घालावी तर फुटेल, भाताच्या बांधीत पुरावी तर धान करपेल. भाऊंनी अहेरीच्या बाजारात भंगारवाल्याला फुकट देऊ केली.

"लोखंड असन तं आन. हे काळं कोळसं मी का खाऊ?"

भाऊंनी ती हळूच त्याच्या पोत्यामागे ठेवली आणि धूम ठोकली. घरी येऊन पाय धुतात तोच जंगलातल्या पाड्यावरचा लालसू घामाघूम होऊन दारात.

"भाऊ, रेडिओचा जीव बाजारातच इसरले का गा?"

त्याला चहा पाजावा लागला. तो काळच तसा. कोणाची सापडलेली वस्तू घरात ठेवणं म्हणजे पाप. आणि ही बॅटरी तर पंचक्रोशीच्या ओळखीची!

मग भाऊंनी ती चांदा शहराला निघालेल्या बैलगाडीत भाताच्या तणसाखाली लपवली. गाडीवान जंगू आष्टीच्या घाटावरून गाडी वळवून आला. "म्हटलं, भाऊचा जीव टांगनीले लागला असन." त्याला चहा आणि वर भाकर. मग दूर खदानीत फेकली, तर रानात बांबूचे कोंब शोधायला गेलेल्या सोनीबाईने टोपलीत घालून आणली.

पोळा उलटला. रंभाने गाठोडं बांधलं.

"मंग?" ऐकणाऱ्यांतल्या सुकलूने विचारलं.

"मंग का! बॅटरी मडक्यात घातली, तोंड मातीनं लिंपलं अन् घरामागच्या रानात गेलो. झिमझिम पानी. खड्डा खांदून मागं पाह्यलं तं हे काळंभोर अस्वल! दोन पायावर उभं, हातात आपलं मडकं!"

"बापा!"

"बोललं नाई, खोटं काऊन सांगू? पन डोळ्यानं म्हनलं, 'भाऊ, तुमचं इसरलं.' मले वलांडून सीधं घरी गेलं. सपरीत बसलं, रंभाच्या हातचा चहा पेलं. माह्यी दया आली त्याले, जातानी बॅटरी घेऊन गेलं!"

आतून सुपाचा आवाज थांबला. रंभाबाई दारात आल्या.

"अस्वल कायचं वो? माह्या भाऊ व्हता तो! काळी घोंगडी पांघरून रानातल्या वाटेनं मले न्यायले आला व्हता. त्याले पाहून तुम्ही मोहाच्या झाडावर चढले अन् उतरायलेच तयार नाई. नवऱ्याले झाडावर ठेवून मी माहेरी जाऊ कशी? म्हनून मले ठेवलं त्यानं, अन् बॅटरी नेली चांद्याच्या रेडिओवाल्या दुकानदाराले वापस द्याले!"