पेला धरल्यासारखा हात

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मावशी परीक्षेत नापास झाल्या, आणि त्याही शर्टाची बटणं लावण्यात. म्हणजे बटणं त्यांनी उत्तम लावली होती. घोटाळा तिथेच झाला.

मावशी ऑक्युपेशनल थेरपी सहायकाचा अभ्यासक्रम करत होत्या. आजारपणात किंवा अपघातात ज्यांच्या हातून रोजची कामं निसटून जातात, त्यांना ती पुन्हा करायला शिकवायचं: घास तोंडापर्यंत न्यायचा, केस विंचरायचे, शर्ट घालायचा. वर्गातल्या बाकी मुली विशी-बाविशीच्या. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्या सगळ्यांच्या मावशी झाल्या आणि त्यांचे मिस्टर, न विचारता, काका.

परीक्षेला रुग्ण म्हणून एक निवृत्त पोस्टमन होते. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. त्यांनी वीस मिनिटांत स्वतः शर्ट घालायचा आणि मावशींनी फक्त सुचवायचं, एवढंच काम. पोस्टमन पहिल्या बटणाशी झगडू लागले. मावशींनी चाळीस सेकंद कळ काढली. एकेचाळिसाव्या सेकंदाला त्यांचे हात पुढे झाले ते सहाही बटणं लावून, कॉलर सरळ करून, वर पोस्टमनचा भांग पाडूनच थांबले. पोस्टमन बेहद्द खूश झाले. शिकवणाऱ्या मॅडमनी शून्य दिलं.

"मावशी, आई म्हणून तुम्ही शंभर नंबरी आहात," मॅडम म्हणाल्या. "पण त्यांना शर्ट घालायला शिकवायचं होतं. तुम्ही त्यांना लग्नाला तयार केलंत."

मॅडम बोलायच्या हळू, पण त्यांचं काम बघत राहावं असं. एकदा एका आजींनी चमचा तोंडापर्यंत न्यायला अकरा मिनिटं घेतली. मॅडम शेजारी बसून होत्या, दोन्ही हात पाठीमागे. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. "तुम्ही करा. मी इथेच आहे," एवढंच म्हणत होत्या. घास पोचला तेव्हा आजी हसल्या आणि मागच्या बाकावर मावशींना रडू फुटलं.

त्या रडण्याला कारण होतं. मावशींनी आपल्या आजारी वडिलांना शेवटची तीन वर्षं स्वतःच्या हाताने भरवलं होतं. सगळ्या नातेवाइकांनी वाहवा केली होती. या वर्गात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की वडिलांचा डावा हात तर चांगला होता. त्या हातात चमचा दिला असता तर कदाचित ते स्वतः जेवले असते. हे त्यांनी काकांखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं. म्हणून त्यांना पास व्हायचंच होतं, आणि फेरपरीक्षा एकदाच देता येत असे.

फेरपरीक्षेत दोन भाग होते. एक, घरच्या कुणाच्या तरी हातावर स्प्लिंट बनवून आणायची. दोन, पुन्हा तेच पोस्टमन आणि तोच शर्ट. स्प्लिंट म्हणजे दुखावलेला हात योग्य स्थितीत राहावा म्हणून केलेला साचा. त्यासाठी प्रत्येकीला एका खास प्लॅस्टिकचा एकेक पांढरा पत्रा मिळाला होता. तो गरम पाण्यात टाकला की मऊ पडतो, जरा निवला की हातावर बसवायचा, आणि तीन मिनिटांत तो कडक होतो. मावशी आठवडाभर वही वाचत राहिल्या आणि पत्र्याला हात लागला तो थेट परीक्षेच्या दिवशी सकाळी आठ वाजता.

"अहो, इकडे या. हात द्या."

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून 'अंदाजे' या शब्दाचा त्यांना मनस्वी तिटकारा आला होता. बायकोसाठी त्यांनी रजा काढली होती, तीही अर्धीच, कारण अर्ध्या दिवसाचंच काम होतं.

"कसा धरू?"

मावशींनी वहीत पाहून वाचलं, "पेला धरल्यासारखा."

"धरल्यासारखा म्हणजे किती? पेले निरनिराळ्या मापाचे असतात."

"अंदाजे धरा हो!"

मावशी गरम पाण्याकडे वळल्या. काकांनी त्यांच्या स्वभावाला धरून ओट्यावरचा स्टीलचा पेला उचलला आणि तो बरोबर मधोमध धरून हात पुढे केला. मावशी मऊ पत्रा घेऊन फिरल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त तीन मिनिटं होती. पत्रा मनगटाखालून घेतला, तळव्यावर दाबला, बोटांवरून वळवला. खरं तर तो हाताच्या एका बाजूलाच ठेवायचा असतो. पण नवऱ्याला थंडीत मफलर गुंडाळायची बावीस वर्षांची सवय. सटकू नये म्हणून त्यांनी तो मायेने सगळीकडून गुंडाळला. दोन गरम कडा एकमेकींना भेटल्या आणि चिकटल्या.

"छान बसलीय," काका म्हणाले. "आता पेला काढ."

"कुठला पेला?"

पुढची पंधरा मिनिटं त्या घरात जे झालं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. तेल लावून झालं. ओढून झालं. घरातली कात्री वाकली. स्प्लिंट पुन्हा गरम पाण्यात घालावी तर आत काका होते. मावशींनी पाव कापायची सुरी नुसती हातात घेतली, तर काका टेबलाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

"हे कापायची खास कात्री संस्थेतच आहे," मावशी मटकन खाली बसल्या. "आणि माझा एकुलता एक पत्रा तुमच्या हातावर. आता मी परीक्षेत काय दाखवू?"

काकांनी क्षणभर हिशेबी विचार केला. "मला दाखव."

त्या अवजड हातावर शर्टाची बाही चढेना. शेवटी काका बनियनवर कोट पांघरून निघाले, उजव्या हातात पेला पुढे धरून. बसमध्ये एका बाईंनी त्यांना खिडकीची जागा दिली, का ते सांगितलं नाही.

संस्थेत पोचल्यावर मावशी मॅडमना शोधायला धावल्या. काका तिसऱ्या मजल्यावर व्हऱ्हांड्यातल्या बाकावर बसले. तेवढ्यात शिपाई चहाची किटली घेऊन आला. समोर एक सभ्य गृहस्थ पेला पुढे करून बसलेले. त्याने पेला भरला.

"अहो, मी नाही मागि—"

"असू दे हो साहेब, पाहुणे आहात."

तळमजल्यावरून तिसऱ्यावर येईपर्यंत तिथला चहा कोमट होत असे, ही त्या दिवसाची एकमेव कृपा. पण भरलेला पेला खाली ठेवता येत नाही आणि सांडणं काकांच्या तत्त्वात नाही. म्हणून त्यांनी तो पिऊन टाकला. रिकामा पेला तसाच पुढे. परतताना शिपायाने तो पुन्हा भरला. साडेदहा ते अकरा या वेळात शिपाई त्या वाटेने चार वेळा गेला.

इकडे मॅडमच्या हातात एक चिठ्ठी होती. अक्षर वाकडंतिकडं, ओळ वर चढत गेलेली. 'आज येऊ शकत नाही. एकटा बसने मुलीकडे जात आहे. शर्ट स्वतः घातला. आपला, पोस्टमन.'

"डाव्या हाताने लिहिलंय," मॅडम म्हणाल्या आणि चिठ्ठी जपून पर्समध्ये ठेवली. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मावशींना दोन क्षण आपली परीक्षा आठवलीच नाही. मग आठवली. "पण मॅडम, मग माझा रुग्ण?"

तेवढ्यात बाहेरगावचे परीक्षक दारात उभे राहिले. पिकलेले केस, चष्मा दोरीला अडकवलेला. "रुग्ण बसलाय की बाहेर. उजवा हात पूर्ण अडकलेला, अंगात शर्ट नाही. चांगली केस आहे. घ्या आत."

"सर, ते—" मावशी म्हणाल्या.

"बोलायला नंतर वेळ देतो. वेळ सुरू."

काका खुर्चीवर बसले. समोर सरावाचा शर्ट ठेवला होता, बाह्या एवढ्या रुंद की पेल्यासकट हात जावा. मावशी समोर उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत या माणसाने स्वतःचे मोजे शोधले नव्हते. टॉवेल रोज न्हाणीघरातून हाक मारून मागून घेतला होता. मावशींनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकाने दुसरा घट्ट धरला.

"तुम्ही करा," त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे."

काकांनी डावा हात आधी बाहीत घातला. मग उजवा जाईना. शर्ट डोक्यावर आला आणि काका आत दिसेनासे झाले.

"आधी कुठला हात घातला तर सोपं जाईल?" मावशींनी विचारलं.

शर्ट आतून थोडा हलला. मग आवाज आला, "अडकलेला."

"बघा करून."

तो जमला. मग बटणं. पहिल्या बटणाला चार मिनिटं गेली. डाव्या हाताची बोटं घरी कधी कुठल्या कामाला लागली नव्हती, ती आता एकमेकांवर चढत होती. काकांच्या कपाळावर घाम आला आणि मांडी हलू लागली. चार पेले चहा आपलं काम करत होता.

काका पुढे वाकून कुजबुजले, "अगं, लाव ना पटकन. मला जायचंय."

"कुठे?"

"कुठे काय कुठे! चार चहा झालेत!"

मावशींचे खांदे पुढे आले. मागे त्यांची नखं स्वतःच्याच मनगटात रुतली. एका हाताने ती बटणं त्यांनी वीस सेकंदांत लावली असती. समोर आपला माणूस घामाघूम होऊन बसलेला, आणि आपण खांबासारखं उभं राहायचं. आयुष्यात त्यांनी इतकं कठीण काम केलं नव्हतं. त्यांना वडिलांचा डावा हात आठवला, पांघरुणावर नुसता पडलेला.

"तुम्ही करा," त्या म्हणाल्या. "होतंय. मी इथेच आहे."

काकांनी वर पाहिलं. बायकोचे भरलेले डोळे पाहिले, मागे बांधलेले हात पाहिले, आणि त्यांना काय समजायचं ते समजलं. ते पुन्हा बटणाकडे वळले. दुसरं बटण लागलं. तिसरं. चौथं लागल्यावर एक बाजू वर गेलेली दिसली.

"समोर आरसा आहे," मावशी म्हणाल्या.

काकांनी आरशात पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू पकडणाऱ्या माणसाला आपलंच माप चुकलेलं सापडलं. त्यांनी न कुरकुरता सगळी बटणं काढली आणि खालून सुरुवात केली. एकोणिसाव्या मिनिटाला सहावं बटण लागलं. काका ताठ बसले, घाम पुसायला खिसा चाचपला आणि सवयीने विचारलं, "माझा रुमाल कुठाय गं?"

परीक्षकांनी चष्मा काढला. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"सर," मावशी एका दमात म्हणाल्या, "हे रुग्ण नाहीत. माझे मिस्टर आहेत. ते हातावरचं मीच केलंय, पेल्यासकट. मला नापास करा, पण आधी ती कात्री द्या. आणि त्याच्याही आधी यांना जाऊ द्या."

काका कोणाच्याही परवानगीची वाट न बघता गेले. पाच मिनिटांनी परतले तेव्हा चेहरा प्रसन्न होता. एका हाताने कसं जमवलं, ते कोणी विचारलं नाही.

परीक्षकांनी स्वतः कात्री घेऊन स्प्लिंट कापली. आतून हात मोकळा झाला, मग पेला. त्यांनी ती पांढरी टरफलं उलटसुलट करून पाहिली.

"मनगटाचा कोन अचूक आहे. बोटांची ठेवण उत्तम. पेला अभ्यासक्रमात नाही, आणि गुंडाळायची नसते; त्याचे मार्क कापतो." मग ते मावशींकडे वळले. "शर्टाचं म्हणाल, तर परक्या रुग्णासमोर हात मागे ठेवणारे मी पुष्कळ पाहिलेत. नवऱ्यासमोर ठेवणारं आज पहिल्यांदा पाहिलं. पास."

मावशींनी मॅडमना मिठी मारली. मॅडमचे हातही या वेळी मागे राहिले नाहीत.

पुढच्याच महिन्यात मावशींना एका रुग्णालयात नोकरी लागली. पहिल्या दिवशी सकाळी त्या आवरून बाहेर आल्या, तर काका ऑफिसला जायला आधीच तयार. चहा स्वतः केलेला, मोजे जोडीचे, रुमाल इस्त्री करून खिशात. गेला महिनाभर हे असंच चाललं होतं. फक्त आज शर्टाचं एक बटण चुकलं होतं, आणि कॉलरची एक बाजू कानाकडे निघाली होती.

मावशींनी पाहिलं. हात शिवशिवले. त्यांनी ते मागे नेले, "येते हं," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

फाटकापाशी त्या थबकल्या. मिलिमीटरभर कमी भरलेलं माप ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याचं अख्खं बटण चुकतं? आणि आरसा दारातच असताना?

त्या जिना चढून परत आल्या. काका दारातच उभे होते, वाट बघत असल्यासारखे. मावशींनी पिशवी खाली ठेवली आणि पहिल्या बटणाला हात घातला.

काकांनी आपले दोन्ही हात पाठीमागे धरले.

"तू कर," ते म्हणाले. "मी इथेच आहे."