सासऱ्यांची दाढ आणि उजेडाची वायर

दातांच्या डॉक्टरांनी हिशेब पक्का करून ठेवला होता. सासऱ्यांची किडलेली दाढ एकच, पण त्यांच्याबरोबर सकाळी फिरायला येणारे मित्र अकरा, आणि अकराही जण दवाखान्यासमोरून मान खाली घालून जाणारे. सगळ्यांना धास्ती एकाच गोष्टीची, दात कोरणाऱ्या यंत्राच्या आवाजाची. सासऱ्यांना तो ऐकू आला नाही, की बाकीचे आपल्या पायांनी येणार. शिवाय जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या या गृहस्थांनी जावयाच्या एकाही कामाला आजवर बरं म्हटलं नव्हतं. जमलं तर तेही पदरात पडणार होतं.

म्हणून डॉक्टरांनी खिशात मावणारा म्युझिक प्लेअर आणला, आणि तो खुर्चीसमोरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायला डिजिटल वायर. तिच्यातून आवाज उजेड होऊन जातो, खरखर औषधालाही सापडायची नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

सासऱ्यांना भुलीचं इंजेक्शन देऊन, गालात कापूस कोंबून डॉक्टर वायरीकडे वळले. ती जेमतेम बसली. प्लेअरच्या पडद्यावर सेकंद पळू लागले, आवाजाचा मात्र पत्ता नाही. डॉक्टरांनी प्लेअरचा आवाज पूर्ण वाढवला, मग अ‍ॅम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, मग माहितीपत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं.

सासऱ्यांना खुर्चीतूनच रोग दिसला होता. वायरीच्या टोकावरचं इवलंसं काळं टोपण काढलंच नव्हतं. त्यांनी हुंकार भरला आणि बोटांनी काहीतरी ओढून काढायची खूण केली.

"नाही हो बाबा, दाढ काढायची नाहीये. नुसती भरायचीय," डॉक्टर म्हणाले.

सासऱ्यांनी जोरजोरात मान हलवून पुन्हा तीच खूण केली. एवढं दुखतंय म्हटल्यावर डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. आता जीभही गेली. सासऱ्यांनी हवेत लिहून दाखवलं, तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी लगबगीने संमतीपत्र आणलं आणि सही कुठे करायची तेही समजावलं. सासऱ्यांनी सहीच्या जागी लिहिलं, 'वायरीचं टोपण काढा.'

डॉक्टरांनी टोपण काढलं, वायर खटकन बसली आणि दवाखाना हादरला. बाहेरचा एक पेशंट दुसऱ्याच्या चपला घालून पसार झाला. डॉक्टरांनी प्लेअरचा आवाज शून्यावर आणला, तरी भिंती थरथरतच होत्या. शेवटी सासरे गळ्यातल्या फडक्यासकट उठले, त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरचं बटण मागे फिरवलं आणि संमतीपत्राच्या पाठीवर लिहून दिलं, 'डिजिटल जोडणीत प्लेअरच्या बटणाला कोणी विचारत नाही. आवाज इथून.'

डॉक्टर बाहेरच्यांची समजूत काढून परतेपर्यंत सासरे खुर्चीत डोळे मिटून, पायाने ठेका धरून तीन गाणी ऐकून मोकळे झाले होते. दाढ दुखायची थांबली होती. त्यांनी जावयाची पाठ थोपटली आणि ते चालू लागले. डॉक्टर मागून सांगत राहिले की बाबा, दाढ तशीच राहिलीय. पण सासऱ्यांना मित्र गाठायचे होते. जीभ सुटल्यावर त्यांनी अकराही जणांना सांगितलं, "दाढेला हात लावलेला कळलासुद्धा नाही." यात खोटं काहीच नव्हतं.

संध्याकाळी भूल उतरली आणि दाढेने आठवण करून दिली. आता कबूल कुणापाशी करणार?

दुसऱ्या दिवशी ते हजर झाले, मागे अकरा जणांची फौज. "उगाच एकदा तपासून घेतो," असं बाहेर सांगून आत आले आणि दार लोटून हळूच म्हणाले, "जावईबापू, भरून टाका. इंजेक्शन नको, नंतर मला बाहेर बोलायचंय."

"बरं. गाणं तरी मोठं लावतो, बाबा."

"अगदी बारीक ठेवा. मला काही दुखत नाही, हे बाहेर कळायला हवं."

यंत्र सुरू झालं. बाहेर अकरा जण कान टवकारून बसले होते. वीस मिनिटं आतून हूं की चूं ऐकू आलं नाही. मग सासरे बाहेर आले, चेहरा जरासा पांढरा, पण ताठ. "आमचे जावईबापू काम बरं करतात," ते म्हणाले.

ताईंच्या वहीत अकरा नावं चढली. डॉक्टरांना हवं होतं ते सगळं मिळालं. त्यासाठी कोणी काय मोजलं, ते खुर्चीच्या दोन्ही हातांवर आहे. पाच खुणा डावीकडे, पाच उजवीकडे, सगळ्या सासऱ्यांच्या नखांच्या.