हिरवी रेघ

ओबोनला, म्हणजे जपानी पितृपक्षात, काकडीला काड्यांचे पाय लावले की पितरांचा घरी यायचा घोडा होतो. विद्यापीठाचं कँटीन सुट्टीमुळे बंद. फुकुओकात ऑगस्टमध्ये बर्फाचा गोळा खातानाही घाम येतो. आमच्या प्रयोगाच्या खोलीतली ट्यूब माणूस हलला की लागते, स्वस्थ बसला की विझते.

ओबोनला सगळे पितरांना भेटायला आपापल्या गावी निघाले आणि मी, कुरोगीने, जाहीर केलं, की परत याल तेव्हा माझा लेझर तयार असेल! चिपवर सेंद्रिय रंगाचा पातळ थर, त्यात वीज सोडायची, त्यातून लेझर काढायचा. थर आधी जळतो, लेझर राहूनच जातो, हे जगभरचं दुखणं. मी थराखालच्या खाचांची मांडणी बदलली होती. सुट्टीत जमलं नाही तर माझं टेबल प्रयोगशाळेतल्या एतोला, असं आमच्या प्राध्यापकांनी, मुनाकाता सेन्सेईंनी, बजावलं होतं.

काळ्या पडद्याआड मी एकटा. विजेचं बटण बाहेर, कारण त्याचे लुकलुकणारे दिवे माप बिघडवतात. पडद्याखालून हात घालून बटण फिरवलं, आणि संगणकावर हिरवी रेघ उभी राहिली, सुईसारखी, लेझरची असते तशी! बटण मागे फिरवून हात आत घेतला, रेघ गेली. पुन्हा हात, पुन्हा रेघ. तीन दिवस आम्ही दोघं असेच खेळलो. मी तिला जेवण झालं का विचारायलाही लागलो होतो.

मग फोन केले. सेन्सेई कबरी धुणं अर्ध्यावर टाकून आले. एतो आला, बाकीचेही आले, प्रत्येकाच्या हातात गावची मिठाई. खोली लग्नघरासारखी भरली. मी हात बाहेर घातला, रेघ आली. टाळ्या पडल्या.

"कुरोगी, वीज शून्यावर आण," सेन्सेई म्हणाले. "हात मात्र तिथेच राहू दे."

आणली. रेघ जागच्या जागी.

एतोने वाकून पडद्याची फट पाहिली. "कुरोगीसान, ही तर वरची ट्यूब. तिच्या उजेडात अशीच रेघ असते. तुमचा हात बघून ती लागायची, आणि त्याच हाताच्या फटीतून आत यायची."

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. सेन्सेईंनी टेबल सोमवारपासून एतोचं म्हणून सांगितलं आणि मिठाईचे डबे उघडायला लावले. सगळे तिथेच बसले. मी मोचीचा, म्हणजे तांदळाच्या चिकट मिठाईचा, एक तुकडा इतका वेळ चघळला, की शेवटी एतोने पाणी आणून दिलं. गिळला असता, तर लोक उठून पुन्हा गावी गेले असते ना!

चिप पहिल्याच दिवशी सकाळी जळाली होती, माझ्या डोळ्यांदेखत.